मावशी लिहिलं असतं तर

टॉटनहॅम, लंडन
९ जानेवारी २०१२

अमोआको दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं तरी तू हे पत्र फेकणार नाहीस. तू हिशेबनीस आहेस, आणि हिशेबनीस माणूस टपाल उघडल्याशिवाय टाकून देत नाही. तीन वर्षं आपण बोललो नाही आणि मी आजही माफी मागायला बसलेली नाही. फ्रिमपाँगकाकांच्या मयताच्या जेवणात देणग्या पुकारायचा माइक माझ्या हातात होता. ‘अमोआको, मँचेस्टरहून, पन्नास पाउंड, आणि अकरा वर्षांत आईला एकदाही विमानात बसवलं नाही’ असं मी पुकारलं. हॉलभर लोक हसले, तू उठून गेलास. त्यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखव.

आता कामाचं. मला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. एकोणचाळिसाव्या वर्षी, देवळात पाद्रीबाबांनीही माझ्यासाठी प्रार्थना करायचा नाद सोडल्यावर. येबोआ इतका हरखलाय की रात्रपाळीवरून येताना रोज काहीतरी घेऊन येतो, परवा पाळणा आणला आणि तो जिन्यातच अडकला. मी अजून बस चालवते. स्टिअरिंग आणि पोट यांच्यात चार बोटं अंतर आहे, तोवर चालवीन.

आईला बाळंतपणासाठी बोलवायचं ठरवलं. अर्ज मीच भरला. कोण बोलावतं, तर मुलगी. नातं काय, तर आई. गेल्या आठवड्यात आक्राच्या व्हिसा कचेरीतून नकार आला. मी सन २००० मध्ये इकडे आले तेव्हा माझ्या अर्जात ‘आई : मयत’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी खणून काढलं. मेलेली आई बारा वर्षांनी व्हिसा कशी मागते, असा त्यांचा सवाल. सांगितलेलं नातं खरं असल्याची खात्री पटत नाही, म्हणून नाही.

सल्ला केंद्रातली बाई म्हणाली, सगळं तुमच्या शब्दांत लिहून आणा. तेव्हा आधी तुझ्यावरच घासून बघते. मला जन्म देणारी गेली ती मला जन्म देतानाच. तिची थोरली बहीण दुफिए, तिच्या अंगावर तेव्हा तू होतास, चौदा महिन्यांचा. तिने तुला बाजूला सारून मला घेतलं. तुझ्या वाटणीचं दूध मी प्यायले याचा राग तुला अजून असावा. लोक म्हणतात, माय मरो आणि मावशी जगो. आपल्या कुमासीत तर मावशी जगली की माय मेलीच नाही असं धरतात. शाळेत, देवळात, बाजारात मला कुणी कधी विचारलं नाही की तुझी खरी आई कोणती. दोन्ही अर्जांत मी खरंच लिहिलं, दादा. एकदा जन्म दिलेलीबद्दल विचारलंय असं वाटलं, एकदा वाढवलेलीबद्दल.

मी अपील करणार आहे. तू तिच्या पोटचा आहेस. ही माझी बहीण, आमची आई एकच, एवढं तू कोर्टात येऊन सांगायचं.

पोकुआ


२८ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी आणि एक चेक. ‘नव्याने अर्ज कर. मावशी लिही. मावशीलाही भेटीचा व्हिसा मिळतो. फी मी देतो.’ चेक याच पाकिटात परत आहे, नीट उघड, फाटायला नको.

सल्ला केंद्रातली बाई हेच म्हणाली, येबोआ हेच म्हणाला, आणि माझ्या डेपोतला तो जमैकन मेकॅनिक, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, तोही हेच म्हणाला. हिशेब सगळ्यांचा बरोबर आहे. नाताळच्या आधीपर्यंत अपील फुकट होतं. डिसेंबरच्या एकोणीस तारखेपासून त्याला फी बसली, आणि आईचा नकार आला जानेवारीत, म्हणजे नवं दुकान उघडल्या उघडल्या पहिली गिऱ्हाइकं आपणच. न्यायाधीशाने नुसते कागद वाचायचे तर ऐंशी पाउंड, समोर उभं राहून बोलायचं तर एकशे चाळीस. नवा अर्ज त्याच्या निम्म्यात होतो. मग भांडायचं कशाला? फी लावणाऱ्याने हाच विचार केला असणार. चूक त्यांची, पण ती चूक आहे म्हणायला पैसे मोजायचे. आणि गप्प बसून त्यांना हवं ते लिहिलं की स्वस्तात सुटका.

मी एकशे चाळीसवालं घेतलं. म्हटलं, तोंड बघू दे माझं.

तू लिहितोस की मावशी म्हणजे काही खोटं नाही, रक्ताने ती मावशीच आहे. बरं. आठव्या दिवशी बाळाच्या जिभेवर एक थेंब पाण्याचा आणि एक थेंब दारूचा ठेवून आपल्याकडे काय सांगतात? पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. तुझ्या जिभेवर ठेवलं, माझ्याही ठेवलं. त्या दिवशी मला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? आणि आता मी, पोटात पोर घेऊन, सही करून सांगू की ती माझी मावशी?

तुझा नागरिकत्वाचा अर्ज सरकारकडे पडून आहे हे मला आईकडून कळलं. नकाराच्या भानगडीत तुझं नाव यायला नको, डोकं खाली ठेवावं, हे सगळं मला समजतं. चौदा वर्षं तू डोकं खालीच ठेवलंयस. मान दुखत नाही का?

पोकुआ


११ एप्रिल

दादा,

या खेपेला चेक नाही, उत्तरही नाही. ठीक.

सुनावणीची तारीख आली. एकवीस जून. डॉक्टरांनी बाळाची तारीख दिलीय मेअखेरीची. म्हणजे बाळंतपणाला आई हवी म्हणून केलेलं अपील बाळंतपण उरकल्यावर चालणार. पत्र आलं तेव्हा येबोआने वाचलं आणि तो भांडी घासायला लागला. तो कधी भांडी घासत नाही. तुझं ऐकलं असतं तर आई आत्ता माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातच्या सुपाला नावं ठेवत असती, हे त्याच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. मी म्हटलं, बोल ना. तो म्हणाला, “काय बोलू? तू ऐकणारी असतीस तर मी लग्न दुसरीशी केलं असतं का.” आता याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आईलाही नाही. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस. मला भीती वाटते. मला जन्म देणारी बावीस वर्षांची होती, धडधाकट होती, दुपारपर्यंत अंगणात रताळी सोलत होती आणि संध्याकाळी नव्हती. मी एकोणचाळीस. इथल्या दाया चांगल्या आहेत, यंत्रं आहेत, सगळं आहे. पण रात्री कूस बदलताना मनात येतं की आई हात धरून बसली असेल तर मी मरणार नाही. वेडेपणा आहे. पण म्हणूनच मला ती हवी होती, बाळाला न्हाऊ घालायला म्हणून नव्हे. अर्जात तसा रकाना नव्हता.

काल आईला फोन केला. म्हटलं, अजून वेळ आहे, अपील मागे घेते, मावशी लिहून टाकू, महिन्यात येशील. खरं सांगते, मी हरले होते. ती केजेतियाच्या बाजारात दुकानावर होती, मागे कापडाचं गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. ती त्या गिऱ्हाइकाला म्हणाली, थांब बाई, लेकीशी बोलतेय. मग मला म्हणाली, “लिही तुला वाटतं तर. मला काय, मी येईन. पण मग मी तुझ्या घरी पाहुणी म्हणून बसेन आणि तू मला उठून चहा करायचास. आई असेन तर तू निजायचंस.” मी मागे घेणार नाही.

तू येणार आहेस की नाहीस, एवढं तरी कळव.

पोकुआ


९ जून

दादा,

मुलगी झाली. एकतीस मे, गुरुवार, म्हणून सध्या तिला याआ म्हणतो. मी जिवंत आहे. नऊ तास लागले आणि शेवटच्या तासाला मी आईला फोन लावायला लावला, दाईने तो उशीवर ठेवला. पैसे संपेपर्यंत आई पलीकडून मला शिव्या देत होती, की जोर लाव, ढोंग करू नकोस, तुझ्यापेक्षा मोठी गाठोडी मी डोक्यावरून नेलीत. दाईला वाटलं प्रार्थना चाललीय.

आठवा दिवस येऊन गेला. बारसं केलं नाही. येबोआचे नातेवाईक कुरकुरतायत, त्याची आत्या म्हणाली की बिननावाचं पोर पाहुण्यासारखं, कधीही उठून जातं. येबोआ तिला म्हणाला, जायचं असेल तर बस माझी बायकोच चालवते. मुलीचं नाव दुफिए ठेवायचं हे त्याने कबूल केलंय, आणि दुफिए समोर नसताना दुफिए नाव ठेवणार नाही. कोर्टाला जितका वेळ लावायचा तितका लावू दे.

एकवीस तारखेला सकाळी दहा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मी पोरीला घेऊन जाणार आहे.

पोकुआ


२३ जून

दादा,

तू आलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दुपारच्या गाडीने परत गेलास. साक्षीदार म्हणून तुला बाहेर बसवलं होतं, त्यामुळे आत मी काय बोलले ते तुला ठाऊक नाही. ऐक.

सरकारी बाजूचा मुलगा सभ्य होता, तिशीचा असेल. तो म्हणाला, ही बाई तुमची आई नाही हे तुम्ही मान्य करता ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, जन्म दुसरीने दिला ना? मी म्हटलं, हो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा न्यायाधीशबाईंनीच चष्मा काढला. वयस्क बाई, हाताला संधिवात असावा, पेन धरायला त्रास होत होता. त्या म्हणाल्या, “मावशी लिहिलं असतं तर बहुधा इथवर यावंच लागलं नसतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही का?”

मी म्हटलं, “सगळ्यांनी सांगितलं, बाईसाहेब. माझ्या भावाने तर चेक पाठवला. मावशी लिहिलं असतं तर व्हिसा मिळाला असता, पण विमानातून मावशी उतरली असती. मला बाळंतपणाला आई हवी होती. आता बाळंतपण झालं. तरी मला आईच हवी आहे. ते म्हणण्याचे तुम्ही एकशे चाळीस पाउंड घेतलेत, तेव्हा मी ते पूर्ण म्हणणार.”

त्यांनी लिहून घेतलं. मग मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि तुला बोलावलं. मी तुला आणायला बाहेर आले तेव्हा काय बघावं, पोरगी तुझ्या खांद्यावर. येबोआने जरा धर म्हणून दिली आणि तो मोकळा झाला म्हणे. तू कसलेल्या दाईसारखा तिची पाठ थोपटत होतास. तुझ्या निळ्या कोटावर ती दूध ओकली होती, आणि तू तसाच आत गेलास. तुझ्या पाठीवरचा तो पांढरा ओघळ न्यायाधीशबाईंना दिसला की नाही, देव जाणे. मला दिसत होता.

त्या मुलाने तुला विचारलं, या बाईंशी तुमचे संबंध कसे आहेत. तू म्हणालास, वाईट. तो खूश झाला, म्हणाला, म्हणजे जवळचं नातं नाही? येणं-जाणं? फोन? तू म्हणालास, काही नाही, तीन वर्षं आम्ही बोलत नाही. तो मुलगा कागद आवरायलाच लागला होता. मी मनात म्हटलं, घ्या, घरचा भेदी.

आणि तेव्हा तू म्हणालास, ते मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, पुढे नाकारशील म्हणून. “साहेब, मामा-आत्यांची मिळून मला चौदा भावंडं आहेत. त्यांच्यातल्या कुणी माइकवर माझी अब्रू काढली असती तर मी हसून जेवायला बसलो असतो. तीन वर्षं अबोला माणूस सख्ख्या बहिणीशीच धरतो. ही माझी बहीण आहे. हिच्याशी मी अजूनही बोलत नाही.”

न्यायाधीशबाईंनी खाली मान घालून बराच वेळ लिहिलं.

तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जाचं काय होईल याची मलाही काळजी आहे. तू तो धोका पत्करून आलास. मी रडले, पण तू गेल्यावर, स्टेशनच्या बाहेर, आणि येबोआला सांगितलं की पोरीचं नख लागलं.

माइकबद्दल मी अजूनही माफी मागत नाही. मागितली असती तर तुझी साक्षच उभी राहिली नसती.

पोकुआ


२ सप्टेंबर

दादा,

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहिते. आता बोलायला लागलास तर थांबतच नाहीस.

तू परवा म्हणालास की जिंकलीस ना, मग गप्प बस. मी जिंकले नाही. निकाल तू नीट वाच. अपील मंजूर, हे पहिल्या ओळीत. अपील कागदोपत्री आईच्या नावाने, पण पुढे तीन पानं ती आई म्हणून कुठेच नाही. ‘अपीलकर्ती ही बोलावणाऱ्या बाईची मावशी आहे, मावशी हे मान्य नातं आहे, सबब अपील मंजूर.’ न्यायाधीशबाईंनी माझं सगळं ऐकलं, लिहून घेतलं, आणि कायद्यात बसेल तेवढंच ठेवलं. वाईट नव्हत्या त्या. त्यांच्याकडे तेवढाच रकाना असेल. शेवटी, फीचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण घोटाळा अर्जातल्या उत्तरांमुळे झाला. म्हणजे आईला आई लिहिलं हा माझा दोष, आणि त्या दोषाची किंमत एकशे चाळीस. तू म्हणतोस ती रक्कम तू देतोस. दादा, तुझ्या पैशाने माझं काय होणार? ती त्यांनी द्यायला हवी. मी कोर्टाला लिहिलं, दोन ओळींचं उत्तर आलं की यात बदल होणार नाही. मी पुन्हा लिहिणार आहे. त्यांना माझी पत्रं वाचायची फी लावता येत नाही तोवर लिहीन.

आई काल सकाळी उतरली. तू शनिवारी बारशाला येशील तेव्हा तिच्या तोंडून ऐकशीलच, पण ती सांगताना भर घालते, म्हणून आधी माझं वाच.

विमान वेळेवर आलं. लोक बाहेर पडले, आपल्याकडच्या बायका गाठोडी ढकलत गेल्या, मग पुढच्या विमानाचे लोक यायला लागले तरी आई नाही. येबोआ पोरीला घेऊन फेऱ्या मारत होता. मी कठड्याला धरून उभी होते. मनात म्हटलं, आता पुन्हा नाही म्हणाले तर मी या कठड्यावरून आत उडी मारणार. शेवटी ती आली. डोक्याला हिरवा फडका, हातात पिशवी, चाल बाजारातल्यासारखीच. मला मिठी मारण्याआधी माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, कुणी बांधलं नाही वाटतं. मग पोरीला घेतलं, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, डोकं अमोआकोवर गेलंय, बिचारी.

एवढा उशीर का झाला ते तिने गाडीत सांगितलं. पासपोर्ट तपासायच्या खिडकीत एक तरुण मुलगा होता. कुणाकडे चाललात, त्याने विचारलं. मुलीकडे, आई म्हणाली. त्याने पासपोर्ट बघितला, संगणकात बघितलं, मग तिच्या हातातला निकाल मागून घेतला. तीन पानं वाचली आणि मान हलवली. म्हणाला, आजी, कोर्टाच्या कागदात तर तुम्ही मावशी आहात. तू तिला फोनवर दहा वेळा पढवलं होतंस की अडवलं तर मावशी म्हण आणि आत ये, भांडू नकोस. ती म्हणते तिला ते आठवत होतं.

ती त्याला म्हणाली, “मग या कागदाला परत पाठव. मी आत जाते. माझी लेक बाहेर उभी आहे.”

तो उठून कुणाला तरी विचारायला गेला. आई तिथेच पिशवीवर बसली, मागे रांग वाढली. थोड्या वेळाने तो परत आला, शिक्का मारला आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. निकालाचा कागदही देत होता. आईने तो घेतला नाही.

पोकुआ